बाबुलालची गाडी उभी राहत नाही

बाकी सगळे गाडीवाले माझ्याकडे पाटा वाढवायला यायचे. बाबुलाल पाटा काढायला आला.

लाखनीला हायवेच्या कडेला मी उमर घालवली ती ट्रकचे पाटे बसवण्यात. चाकाच्या वर, गाडीच्या पोटाखाली पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, तो. ज्याला हद्दीपेक्षा जास्त माल भरायचा असतो तो म्हणतो, एक पाटा वाढव. पाटा वाढला की गाडी कडक होते, वजन झेलते. बाबुलालनं आपली नाकाची गाडी, म्हणजे पुढे लांब बोनेट असलेला जुना ट्रक, माझ्या दुकानासमोर लावली आणि म्हणाला, "मागचा दोन्हीकडचा एक-एक पाटा काढून दे."

"काहून गा? गाडी डोलंल."

"डोललीच पाहिजे."

मी पाटे काढले. काढण्याची मेहनत बसवण्याइतकीच असते, पण हे गिऱ्हाइकाला पटत नाही. बाबुलालला पटलं. सांगितली ती मजुरी त्यानं दिली आणि का डोलली पाहिजे तेही सांगितलं. तेव्हापासून आमची ओळख.

बाबुलाल ढीवर. त्याचं गाव लाखनीच्या बाजूला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. घरात सगळे जाळं टाकणारे. त्यानं ट्रक धरला, पण माल मासळीचाच. तोही बाजारात विकायच्या मासळीचा नाही, तलावात सोडायच्या पिल्लांचा. बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. एका तलावातून काढायची, दुसऱ्या गावच्या तलावात सोडायची. अॅल्युमिनियमच्या मोठ्या हंड्या पाण्यानं भरायच्या, त्यात बोटुकली, आणि हंड्या ट्रकमध्ये रांगेनं. पाणी हलत राहिलं तर पिल्लं जगतात. पाणी थांबलं की ती वर येतात, तोंड उघडतात, आणि थोड्या वेळानं उलटी होतात.

म्हणून मागे माणसं बसवायची. एकानं दोन-तीन हंड्या सांभाळायच्या, तळहातानं पाणी थापटत राहायचं. गाव येईपर्यंत. गाडी डोलली तर अर्धं काम गाडी करते, मागच्यांच्या हातांना तेवढा आराम मिळतो. पाटा काढला तो त्यासाठी.

आणि म्हणूनच बाबुलालची गाडी रस्त्यात कधी उभी राहिली नाही. नाक्यावरचा चहावाला ग्लास घेऊन गाडीच्या बाजूनं चालायचा, बाबुलाल खिडकीतून ग्लास घ्यायचा आणि परतीच्या फेरीत परत द्यायचा. भेटेल त्याला हात दाखवायचा, थांबायचा कोणासाठीच नाही. एकदा सख्ख्या साळ्याच्या वरातीतून त्यानं गाडी पुढे काढली. बायकोच्या माहेरचे पुष्कळ दिवस बोलले नाहीत. बायकोला काही बोलताच आलं नाही, कारण ती त्याच गाडीत मागे बसून पाणी थापटत होती.

जमुनाबाई ती. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यापासून ती मागे बसली. गाडी चालवतो कोण हे जिल्हाभर माहीत होतं. मागे काय चालतं ते फाळक्याच्या, म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेच्या, आत डोकावणाऱ्यालाच कळायचं.

पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. त्यात पाणी, बोटुकली आणि वर ऑक्सिजन भरून तोंड बांधतात. वाटेत जेवायला उतरा, झोप काढा, पिल्लांना काही होत नाही. बाबुलालच्या पोरानं, छोटूनं, पिकअप घेतली आणि पिशव्यांचा धंदा चालू केला. चांगला चालला. नाकाची गाडी पाळीवर उभी राहिली. बाबुलाल रोज सकाळी ती चालू करायचा, इंजिन तापेपर्यंत बसायचा, बंद करायचा. विकली नाही.

मग श्यामरावांचा मेळावा सुरू झाला. श्यामराव लाखनीचे धानाचे व्यापारी. जुन्या गाड्यांचा त्यांना भारी शौक. दसऱ्याला गाड्यांची पूजा होते, तिच्यानंतरच्या रविवारी जिल्ह्यातल्या, गोंदियाच्या, पार बालाघाटकडच्या जुन्या ट्रकवाल्यांना ते एकत्र बोलावतात. दरवर्षी एक गाव ठरतं, तिथवर सगळ्या गाड्या रांगेनं जातात. नियम दोन. गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे, दुसरीवर चढवून नाही. आणि भरून आली पाहिजे. रिकामी गाडी रांगेत घेत नाहीत. हा दुसरा नियम मला फार आवडतो. रिकामी गाडी कोणीही चालवतो.

भरलेला माल त्या गावाला देऊन टाकायचा. कोणी विटा नेतो, कोणी गुरांसाठी धानाचं तणस. बाबुलाल पहिल्या वर्षापासून कोंड्याची पोती नेत होता, तीही श्यामरावांच्याच गिरणीची.

मागच्या वर्षी श्यामरावांच्या गोदामात बैठक बसली. गाव ठरलं आंबागड. किल्ल्याखालच्या त्या गावानं तलावातला गाळ काढला होता आणि पाणी चांगलं धरलं होतं. श्यामराव विचारत होते, कोण काय नेतो. बाबुलालचा नंबर आला.

"बोटुकली."

श्यामराव हसले. "पिशव्यांत?"

"हंड्यांत."

श्यामरावांचा पुतण्या कमलेश मेळाव्याची फोनवरची सगळी कामं बघतो. तो म्हणाला, "काका, पिशव्या काहून नाही? छोटूदादा भरूनच देते ना."

"पिशवीत घातलं तं मोटरसायकलवरही जाते, बाबू. मंग गाडी कायले न्यायची?"

"बाबुलाल, ऐका," श्यामराव म्हणाले. "रांग भंडाऱ्याले थांबते, वरठीले थांबते, तुमसरले थांबते. लोकं पाहाले येतात. भाषण आहे, फोटो आहे. तुमची गाडी तं थांबत नाही."

"नाही थांबत."

"मंग रांगेत कशी चालणार?"

"तुम्ही थांबा. मी तुमच्या भोवती गोल फिरवीन."

गोदामात हशा पिकला. बाबुलाल हसला नाही. त्यानं ते मनात फिरवून आणलं होतं.

श्यामराव मात्र गंभीर झाले. "गावासमोर मेलेले मासे उतरवले तं मेळाव्याचं नाव जाईन. चार लोकं म्हणतीन, म्हाताऱ्यांनी हौसेपायी जीव मारले. पोती न्या न, काय बिघडते?"

बाबुलाल उठून उभा राहिला. "पोती मी नेतो कारण माहा माल नेता आला नाही. ह्या वर्षी तलाव आहे. एकही हंडी मेली तं पुढच्या मेळाव्यात मी स्टेअरिंगवर बसत नाही. लिहून ठेवा नाहीतं नोका ठेवू."

कोणी लिहिलं नाही. पण ऐकलं सगळ्यांनी. बाबुलालला स्टेअरिंग सोडायला लावणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत होतं.

निघायच्या दिवशी पहाटे मी त्याच्या गावी गेलो. पाटे एकदा पाहून घ्यायचे होते. बोटुकलीला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं होतं, पोट भरलेली पिल्लं पाणी खराब करतात. हंड्या भरणं चालू होतं. भरलेली हंडी दोन माणसांनी उचलायची, फाळक्यावर टेकवायची, आतल्यानं ओढून घ्यायची. वजन पाण्याचं असतं, ते एका जागी राहत नाही, म्हणून उचलणाऱ्याच्या कमरेचा निकाल लागतो. बाबुलाल आणि छोटू उचलत होते. आत जमुनाबाई आणि सून रंजू ओढत होत्या.

ठरलेल्या रांगा भरल्या. फाळक्याजवळ जागा उरली. बाबुलालनं ती पाहिली आणि म्हणाला, "आणखी एक रांग."

जमुनाबाई आतून म्हणाली, "पुरे झालं जी. मागं आम्ही दोघीच आहोत."

"मागून फाळका उघडा दिसते. अर्धी गाडी घेऊन रांगेत जाऊ का?"

"गाडी भरून राहिले तुम्ही, हात कुठून भरसाल?"

"गाडी थांबतच नाही तं हात कायले लागतात? गाडी डोलते."

छोटू हंडी खाली ठेवून म्हणाला, "बाबा, मी मागून पिकअप आणतो, पिशव्या घेऊन. तुमचे उलटे झाले तं माहे सोडू तलावात. कोणाले कळते?"

"मले कळते बे. उचल."

रांग भरली. मी पाटे पाहिले. दाबले होते, पण हालत होते. पाट्यांचा सवाल नव्हता तो.

लाखनीहून रांग निघाली. पुढे श्यामरावांची लाल गाडी, मग बाकीच्या, मध्ये बाबुलालची. मी त्याच्या बाजूला केबिनमध्ये. गाडी पाळण्यासारखी डोलत होती. मागून पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज येत होता. बाबुलालला आरशापेक्षा तो आवाज जास्त कळतो. एका ठिकाणी रस्ता गुळगुळीत लागला, आवाज कमी झाला, तसं त्यानं स्टेअरिंग जरा डावी-उजवीकडे करून गाडी हलवली. आवाज परत आला.

भंडाऱ्याला मैदानात सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या राहिल्या. बाबुलालची उभी राहिली नाही. ती ओळीभोवती फिरत राहिली. बैलगाडीच्या चालीनं, एक फेरी, दुसरी, तिसरी. श्यामरावांचं भाषण चालू होतं, पण लोकांनी माना तिकडे वळवल्या. लहान पोरं मागून पळायला लागली. एक बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "ब्रेक नाही वाटते." कमलेशचा प्रत्येक फोटो बिघडला, कारण प्रत्येकात मागून नाकाची गाडी चाललेली. शेवटी त्यानं माईक घेतला आणि सांगून टाकलं की ही मासोळीच्या पिल्लांची गाडी आहे, ही उभी राहत नाही. टाळ्या पडल्या. बाबुलालनं खिडकीतून हात दाखवला आणि चौथी फेरी घेतली.

"पाहिलं का?" तो मला म्हणाला. "काय भाषण करून राहिले ते. लोकं तं इकडे पाहतात."

वरठीला गडबड झाली. आमचा हिशेब होता, तिथल्या कारखान्याची पाळी सुटायच्या आत वरठी ओलांडायची. भंडाऱ्याचं भाषण लांबलं. आम्ही पोचलो आणि कारखान्याची पाळी सुटली. मोटरसायकली, सायकली, डबे लटकवलेले लोक, सगळा रस्ता भरला. वर जुन्या गाड्या पाहायला तेच लोक थांबले. पुढची गाडी अडली. मागची येऊन चिकटली. मध्ये जिथं फट होती तिथं सायकल घुसली. गोल फिरायला हातभर जागा नाही.

गाडी उभी राहिली.

बाबुलालनं हॉर्न दाबला. कोणी हललं नाही. त्यानं गाडी वीतभर पुढे घेतली, वीतभर मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. क्लच दाबायचा, सोडायचा, दाबायचा. जुन्या गाडीचा क्लच म्हणजे चेष्टा नाही, दर खेपेला अख्खा पाय लागतो. त्याची मांडी भरून आली. तो थांबला नाही. सायकलवाला ओरडला, "काका, डान्स करून राहिले का?"

मागून केबिनच्या फळीवर थाप पडली. जमुनाबाईचा आवाज आला, "हात कमी पडून राहिले जी! फाळक्याजवळची रांग वर येऊन राहिली!"

बाबुलालनं माझ्याकडे पाहिलं. मी उतरलो, मागे गेलो, वर चढलो. जमुनाबाई आणि रंजू दोन्ही हातांनी दोन-दोन हंड्या थापटत होत्या, उरलेल्यांकडे सरकत होत्या, परत येत होत्या. रंजूची वेणी सुटून हंडीत पडली होती, ती काढायला तिला फुरसत नव्हती. मी पहिली हंडी धरली.

तेवढ्यात श्यामराव पुढून चालत आले. पांढरा कडक सदरा, कपाळाला गंध. "काय झालं? बाबुलाल गाडी पुढं-मागं काहून करून राहिले? लागंल न कोणाले!"

जमुनाबाईनं मान वर केली. "शेटजी, बाह्या सावरा अन् वर या."

"मी?"

"तुमचं भाषण लांबलं ना? मंग तुम्हीच या."

श्यामराव वर चढले. मोठा माणूस, पण चढले. हंडीत हात घातला आणि गोल फिरवायला लागले.

"ढवळू नोका, कढी नाही ते! वरून थापटा. वरून. हवा आत गेली पाहिजे."

"असं?"

"असं काय, जोरात नोका. पिल्लं आहेत, धुणं नाही."

खाली उभे राहून कमलेश फोटो घेत होता. रंजूनं त्याच्या अंगावर ओंजळभर पाणी मारलं. "फोन खिशात, भाऊजी! हात पाण्यात!" तोही चढला. मग दोन कारखान्याचे लोक डबे खाली ठेवून चढले. त्यातला एक मोहाडीकडचा ढीवरच निघाला. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो बसला आणि तळहात पडायला लागला, तशी जमुनाबाईनं त्या बाजूला पाहणंच सोडून दिलं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा कोणी उतरलं नाही. उतरण्याइतका वेळच नव्हता. श्यामरावांनी एका हातानं फोन कानाला लावला, दुसरा हात हंडीतच. त्यांची लाल गाडी आता क्लिनरच्या हातात होती, त्याला म्हणाले, "तुमसरचं थांबणं रद्द. हो, रद्द म्हटलं ना. हार-तुरे ठेवा म्हणा घरी. सरळ आंबागड."

तुमसर मागे पडलं. आंबागडचा किल्ला दिसायला लागला. श्यामरावांचा सदरा कोपरापर्यंत भिजला होता. एकदा ते म्हणाले, "खांदा गेला." जमुनाबाई म्हणाली, "आता कुठं गेला? आता तं गरम झाला." त्यांनी हात चालू ठेवला. ते मी लक्षात ठेवलं आहे.

आंबागडला तलावाच्या काठापर्यंत गाडी नेली. गाव जमलं होतं. हंड्या एक-एक करून उतरवल्या. हंडी एकदम ओतायची नसते. तोंड पाण्यात तिरपं करायचं, तलावाचं पाणी आत येऊ द्यायचं. पिल्लांना गरमी-थंडी जुळली की ती आपण होऊन बाहेर निघतात. निघाली. काळ्या रेघा ओढाव्या तशी निघाली. गावच्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पाहत होत्या.

फाळक्याजवळच्या रांगेतली एक हंडी शेवटी आली. वरून पाहिलं तेव्हाच कळलं. पांढरी पोटं.

श्यामराव पुढे झाले. "ती माही असंल. मले नीट जमलं नाही."

"नाही शेटजी," जमुनाबाई म्हणाली. "तुम्ही चढायच्या आधीच ती गेली होती. तिथं कोणीच बसलं नव्हतं."

गावचे लोक म्हणाले, एवढी जगली, एका हंडीचं काय घेऊन बसता. गाडीवाले म्हणाले, रस्ता अडला त्यात बाबुलालचा काय कसूर. वरठी, पाळी, भाषण, सगळ्यांची नावं घेऊन झाली. बाबुलाल ती हंडी पाहत उभा होता. मग त्यानं ती स्वतः उचलली, एकट्यानं, आणि बाजूला झाडाखाली नेऊन रिकामी केली.

परत येऊन म्हणाला, "एक रांग मी जास्त भरली. हिनं सांगतलं होतं. वरठी असो का आणखी कोणतं गाव असो, गाडी कुठं ना कुठं अडलीच असती."

मग त्यानं किल्ली छोटूच्या हातात दिली. छोटू पिकअप घेऊन आला होता खरा, पण पिशव्यांशिवाय. किल्ली घेऊन तो म्हणाला, "बाबा, परत जाताना तरी तुम्हीच…"

"परत जाताना रिकामी आहे. रिकामी कोणीही चालवते."

या वर्षीची बैठक गेल्या महिन्यात झाली. श्यामरावांनी गोदामात गाद्या टाकल्या होत्या. बाबुलाल येईल की नाही यावर पैज लागली होती. तो आला आणि जमुनाबाईला घेऊन आला. मेळाव्याच्या बैठकीत बाई बसण्याची ती पहिली वेळ. कोणी काही म्हणायच्या आत श्यामरावांनी सरकून जागा दिली.

"बाबुलाल," ते म्हणाले, "मागच्या वेळचं सोडा. रागाच्या भरात माणूस बोलते. गाडी तुमची, स्टेअरिंग तुमचं."

"रागाच्या भरात नव्हतं. ठरवून बोललो होतो."

"मंग गाडी येत नाही का?"

"गाडी येते. माल बोटुकलीच. स्टेअरिंगवर छोटू. मी मागं."

बालाघाटकडचा एक गाडीवाला हसला. "मागं तं बायका बसतात, काका."

जमुनाबाई त्याच्याकडे वळली. "तुले जागा पाहिजे का? एका हंडीवर अजून माणूस नाही."

नंतर त्यानं हळूच विचारलं, की काम खरंच जड असतं का. ती म्हणाली, येऊन पाहा. तो येतो आहे. श्यामरावही येतो म्हणतात, पण त्यांना पुढची गाडी चालवायची आहे, तेव्हा त्यांचं वरठीपासून पाहू.

हंड्या किती भरायच्या ते या वेळी जमुनाबाईनं ठरवलं. मागे किती हात आहेत ते मोजलं आणि तेवढ्याच सांगितल्या. फाळक्याजवळची जागा मोकळी राहील. श्यामराव म्हणाले, नियमात बसते, गाडी भरलेली धरू.

परवा मी त्यांच्या गावी गेलो होतो. पाट्यांचे बोल्ट कसून द्यायचे होते. पाळीवर एक हंडी भरून ठेवली होती, बाबुलाल तिच्यासमोर मांडी घालून बसला होता आणि पाणी थापटत होता. बाजूला जमुनाबाई तांदूळ निवडत होती.

"मनगट ढिलं सोडा," ती न पाहताच म्हणाली. "खांद्यानं मारसाल तं भंडाऱ्यालेच थकसाल."

"तुले न पाहता कसं कळते?"

"आवाज येते न."

त्यानं मनगट ढिलं सोडलं. आवाज बदलला. मी बोल्ट कसले, हात पुसले, चहा झाला. निघालो तेव्हाही तो थापटतच होता. घाम आला होता, सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, आजच्यापुरतं पुरे.

"कुठं पुरे?" बाबुलाल म्हणाला. "आता कुठं लाखनी ओलांडली."